टबातली गांडुळं रात्री झाकणावर चढतात, आंबूस वास येतो. काय चुकतंय?

गच्चीविना_बाग (सांगली, विश्रामबाग)

नमस्कार मंडळी. ओल्या कचऱ्यासाठी गांडुळांचा टब लावून पाच आठवडे झाले. मोजमापं सगळी लिहिते, म्हणजे उत्तरं अंदाजपंचे नकोत.

टब ६० लिटरचा, गोल, प्लास्टिकचा. तोंड ४५ सेंटीमीटर, झाकण घट्ट. तळाला खिळा तापवून पाडलेली चार भोकं. पश्चिमेची गॅलरी, दुपारी तीननंतर थेट ऊन. आत भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि आठ-दहा दिवसांचं शेण निम्मं-निम्मं, मिळून सहा इंच. त्यावर एक किलो गांडुळं. घरात माणसं चार. ओला कचरा रोज काट्यावर ६०० ते ७०० ग्रॅम भरतो: भाजीची देठं, फळांची सालं, चहाचा चोथा, मधूनच उरलेली चपाती नि भात. रोजचा रोज टबात, वरून तांब्याभर पाणी.

आता आंबूस वास येतोय, चिलटं घोंगावतात, तळाशी रबडी झालीय. पांढरे, दोऱ्याच्या तुकड्यासारखे बारीक किडे दिसतात. रात्री झाकणाच्या आतून गांडुळांचे गुच्छ चिकटलेले असतात. काही मेलीत, त्यांच्या अंगावर माळेतल्या मण्यांसारख्या गाठी होत्या.

कचरा जास्त होतोय म्हणून आणखी गांडुळं आणावीत का? तासगावकडून द्राक्षबागेचा पाला फुकट मिळतोय, तो चालेल का? आणि आता एप्रिल तोंडावर आलाय, उन्हाळ्याचं काय करायचं?

ओलावा_साठ_टक्के (मिरज)

ताई, गांडुळं मुळीच वाढवू नका. खाणं पाचपट पडतंय. हिशोब बघा.

घरच्या डब्याची ताकद लिटरवर मोजायची नसते, पसरट जागेवर मोजायची. गांडुळं वरच्या पाच-सहा इंचांतच वावरतात, खालची खोली वाया जाते. नवीन डब्याला दर चौरस फुटामागे आठवड्याला अर्धा किलो कचरा झेपतो. तीन-चार महिने मुरलेल्या डब्याला एक किलोपर्यंत. ४५ सेंटीमीटर व्यासाचा गोल म्हणजे पावणेदोन चौरस फूट भरला. म्हणजे आठवड्याला साडेआठशे-नऊशे ग्रॅम. तुम्ही घालताय साडेचार किलो. "गांडूळ रोज वजनाच्या निम्मं खातं" हे वाक्य सगळीकडे छापलेलं असतं, पण ते ओलावा, हवा, तापमान सगळं जुळलेल्या वाफ्याचं आहे. घरात पाव वजन धरून चाला.

गांडुळाला दात नसतात. ताजी देठं त्याला खाताच येत नाहीत. कचरा आधी जिवाणू-बुरशीनं कुजतो, मऊ पडतो, आणि गांडूळ तो बुळबुळीत थर जिवाणूंसकट गिळतं. कुजण्याच्या वेगापेक्षा कचरा जास्त पडला की थर दबतो, हवा संपते, मग बिनहवेचं आंबणं सुरू होतं. त्यातून आम्ल तयार होतं, तोच तुम्हाला येणारा वास. गांडूळ कातडीनं श्वास घेतं. खाली प्राणवायू नाही, वर आम्ल झोंबतंय, मग ते झाकणाकडे पळतं. पांढरे दोरे म्हणजे पॉट वर्म, आम्ल आणि चिखल दोन्ही झाल्याची खूण. ते स्वतः गांडुळांना खात नाहीत.

मण्यांसारख्या गाठी चपाती-भाताच्या. पिठूळ नि प्रथिनवालं अन्न पोटात आंबतं, वायू धरतो, अंग ठिकठिकाणी आवळतं. अशी गांडुळं वाचत नाहीत, उचलून कुंडीत पुरा.

आज संध्याकाळीच करायचं काम. टब जुन्या प्लास्टिकच्या कागदावर पालथा घाला. न कुजलेला, आंबलेला कचरा हातानं बाजूला काढा आणि झाकणाच्या वेगळ्या बादलीत ठेवा, फेकू नका. उरलेल्या मालाइतकंच कोरडं मिसळा: अंड्यांच्या ट्रेचे दोन-दोन इंचांचे तुकडे किंवा खाकी पुठ्ठा. चकचकीत छपाईचा नको. मूठभर माल घेऊन घट्ट दाबा. बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब आला तर बरोबर; धार लागली तर अजून पुठ्ठा; काहीच आलं नाही आणि मूठ उघडल्यावर गोळा फुटला तर कोरडं झालंय. शेतकरी जमिनीचा वाफसा (मशागतीजोगी ओल) बघतात तसंच हे, फक्त इथे वाफशापेक्षा अंमळ ओलं लागतं.

टब रिकामा आहे तोवर ड्रिलनं तळाला ६ मिलिमीटरची पंधरा भोकं, काठाखाली दोन इंचांवर चौफेर वीस. आतून शेडनेटचा तुकडा लावा. टब दोन विटांवर, खाली ताट. तळाला नारळाच्या शेंड्यांचा दोन इंच थर, मग माल. घट्ट झाकण काढून ठेवा, त्याजागी ओलं गोणपाट.

मग दहा-बारा दिवस काहीही घालायचं नाही. उपाशी मरत नाहीत, पुठ्ठा खातात. पहिल्या दोन-तीन रात्री गॅलरीतला दिवा चालू ठेवा. उजेड असला की वर येत नाहीत. आणि तांब्याभर पाणी आजपासून बंद. भाजीपाल्यात ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणी असतंच, तुम्ही रोज अर्धा लिटर पाणी कचऱ्यातूनच ओतताय.

वाळवा_रान (इस्लामपूर)

आंबूस झालंय तर चिमटभर चुना टाकायचा की, दोन दिवसात वास जातोय. बाकी वरच्या दादांनी सांगितलंय ते बरोबर.

ओलावा_साठ_टक्के (मिरज)

कोणता चुना, ते लिहा राव. पानाला लावायचा किंवा भिंतीला मारायचा चुना अजिबात नको. तो विरलेला चुना, एकदम जहाल अल्क. आम्ल मारता मारता सामू (आम्ल-अल्क मोजायचा आकडा, pH) उलट्या बाजूला उडी घेतो, शेणा-कचऱ्यातलं नत्र अमोनियाच्या रूपात बाहेर पडतं आणि गांडुळांचं अंग भाजतं. चालते ती चुनखडीची भुकटी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, हळू विरघळणारी. घरात ती फुकट आहे: अंड्याची टरफलं. धुऊन, दोन दिवस उन्हात कडक वाळवून, मिक्सरमधून रव्यासारखी काढा. आत्ता दोन मोठे चमचे मिसळा, पुढे आठवड्याला एक चमचा. नुसती हातानं चुरलेली टरफलं वर्षभर तशीच दिसतात, त्यांचा आम्लावर काही परिणाम होत नाही. बारीक भुकटीचा दुसरा फायदा असा की गांडुळाला पोटात दळायला कण लागतात, ते मिळतात. अंडी घरात येत नसतील तर मूठभर बागेतली माती दळायच्या कणांचं तेवढं काम करते.

पॉट वर्म फार झाले असतील तर दुधात भिजवलेला पावाचा तुकडा रात्री वर ठेवायचा. सकाळी तो पांढऱ्या किड्यांनी भरतो, उचलून बाहेर टाकायचा. चपाती नको म्हणणारा मीच पाव घालायला सांगतोय, पण हा रात्रभराचा सापळा आहे, खाणं नव्हे. विसरलात तर पुन्हा आंबेल.

माहुली_संगम (सातारा)

उन्हाळ्याच्या प्रश्नाआधी एक बघा, गांडुळं कोणत्या जातीची आहेत? विकणारा "कल्चर" एवढंच सांगतो. आपल्याकडे तीन मिळतात.

आयसेनिया फेटिडा: तीन-चार इंच, तांबडी, अंगावर फिकट पिवळसर पट्टे, शेपटाचं टोक पिवळं. हातात दाबलं तर पिवळट वासाचा द्रव सोडतं. युड्रिलस युजेनी: बोटभराहून लांब, जाड, तपकिरी-जांभळं, उजेडात चकाकतं. पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस: आपल्याच भागातलं, बारीक, जांभळट-निळी झाक, हात लावला की सापासारखं वळवळतं. ही शेवटची पाऊस यायच्या आधी रात्रीत डबा सोडून जातात, त्यात तुमची काही चूक नसते.

आयसेनियाला १५ ते २५ अंश मानवतं, युड्रिलसला २२ ते २८. ३५ च्या वर मालाचं तापमान गेलं की यातलं कुणीच फार टिकत नाही. इथे तापमान म्हणजे हवेचं नव्हे, मालाच्या आत चार इंचांवरचं. स्वयंपाकाचा किंवा मत्स्यटाकीचा काडीचा थर्मामीटर मिळतो, तो खुपसून बघा. साताऱ्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री युड्रिलस सुस्तावतात, खाणं निम्म्यावर येतं. सांगलीत अडचण उलटी. एप्रिल-मेमध्ये चाळिशी गाठणाऱ्या गावात पश्चिमेच्या गॅलरीतला बंद प्लास्टिकचा टब म्हणजे भट्टी.

पहिला उपाय जागा बदलणं. पूर्व किंवा उत्तरेची भिंत, जिन्याखालची जागा, न्हाणीघराबाहेरची मोरी. ते शक्य नसेल तर शेडनेट टबापासून फूटभर लांब बांधा, टबाला चिकटवून नको, मधून वारा गेला पाहिजे. गोणपाट सकाळ-दुपार भिजवून पिळून टाका. भिजवताना माल भिजवायचा नाही. उन्हाळ्यात बरीच गांडुळं उन्हानं मरत नाहीत, थंडावा म्हणून ओतलेल्या पाण्यानं मरतात. अगदी ४० च्या पुढे गेलं तर लिटरची पाण्याची बाटली गोठवून दुपारी मालावर आडवी ठेवा. गांडुळं आपोआप तिच्याखाली गोळा होतात. आणि कचरा निम्मा करा, कारण कुजताना तो स्वतःच उष्णता सोडतो. एक इंचापेक्षा जाड थर कधीच नको.

पाण्याबद्दल. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनची उगाच भीती घालतात. रात्रभर बादलीत उघडं ठेवलं तरी पुरे. खरा धोका बोअरच्या मचूळ पाण्याचा. वाळवा, मिरज पट्ट्यातल्या जमिनी ज्या क्षारांनी क्षारपड झाल्या, तेच क्षार डब्यात साठतात. बाष्प उडून जातं, मीठ मागे राहतं. म्हणून भाजीचं खारट खरकटं, लोणच्याची फोड, पापडाचा चुरा हे कधीच नको.

पाचट_बहाद्दर (तासगाव)

द्राक्षाच्या पाल्याचं उत्तर: नको.

ऑक्टोबर छाटणीनंतर डाउनी (केवडा, पानावरचा बुरशीचा रोग) येऊ नये म्हणून बागांवर बोर्डो मारतात, म्हणजे मोरचूद आणि चुना. वर इतर बुरशीनाशकांच्या फवारण्या वेगळ्याच. मोरचुदातलं तांबं कुजत नाही, उडून जात नाही, पानावरनं खतात आणि खतातून कुंडीत येतं. गांडुळं तांब्याला फार नाजूक असतात. मेली नाहीत तरी कोष घालणं कमी होतं. घरी आणलेल्या द्राक्षांचे देठ, चार सडके मणी चालतील. बागेतलं पोतं नको. बेदाण्याच्या शेडवरचा कचराही नको, त्यावर पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल असतं, वरनं गंधकाची धुरी.

फुकटचंच पाहिजे तर आपल्या जिल्ह्यात उसाचं पाचट आहे. गांडुळांच्या अंथरुणाला यासारखं दुसरं नाही, कारण ते लवकर दबत नाही, हवा खेळती राहते. मात्र त्यात कर्ब भरपूर, नत्र नावाला. एकट्यानं महिनोन्‌महिने पडून राहतं. विळीनं दोन-तीन इंचांचे तुकडे, रात्रभर पाण्यात, मग शेणकाल्यात बुडवून आठ-दहा दिवस ढिगात ठेवायचं. ढीग गरम होईल. गार झाला की वापरायचं. हात कोपरापर्यंत खुपसून बघा. आत ऊब लागली तर अजून तीन दिवस थांबा.

रसवंतीवरची चिपाडंही चालतात पण ताजी नाहीत. उरलेल्या साखरेनं दोन दिवसात दारू होते. दोन-तीन आठवडे उन्हात वाळवा, तोवर माश्या-मुंग्या जे न्यायचं ते नेतात.

शेण कुठनं आणता ते विचारून घ्या. जनावराला आयव्हरमेक्टिनचं जंताचं इंजेक्शन दिलेलं असेल तर महिनाभर ते शेण घेऊ नका, औषध शेणावाटेच बाहेर पडतं. गोठेवाला आपण होऊन सांगणार नाही, विचारलं तर सांगतो.

गच्चीविना_बाग

सगळ्यांचे आभार. टब काल पालथा घातला. खालचे चार इंच अक्षरशः काळी पेज होती आणि त्यात एकही गांडूळ नव्हतं. दोन भोकं कोकोपीटनं बुजलेली. मालाचं तापमान दुपारी चार वाजता ३३ अंश. गांडुळं लांब, जांभळट, चकाकणारी. म्हणजे युड्रिलस ना?

टब आता स्वयंपाकघराबाहेरच्या पूर्वेच्या कट्ट्यावर हलवलाय. पण रोजच्या साडेसहाशे ग्रॅमचं काय? टब आठवड्याला एक किलोही घेणार नसेल तर बाकीचा कचरा जाणार कुठे?

ओलावा_साठ_टक्के (मिरज)

हो, युड्रिलस. आणि ३३ ला जिवंत राहिलीत, म्हणजे अजून वेळ गेलेली नाही.

गोल टब पुढे कुंडीला वापरा. बाजारात भाजीवाल्यांकडे टोमॅटोचे जुने क्रेट मिळतात, साधारण ५४ बाय ३६ बाय २९ सेंटीमीटरचे. आतली जागा पावणेदोन चौरस फुटांच्या पुढे. असे चार घ्या, एकावर एक दोन-दोन. सात चौरस फूट झाले, आठवड्याला साडेतीन किलो. तुमची एक किलो गांडुळं चारात पाव-पाव किलो वाटा. जाळीच्या भोकांतनं माल सांडतो, म्हणून आतून जुनी नायलॉनची साडी किंवा शेडनेट. सुती साडी नको, महिन्यात गांडुळं तीच खातात.

साडेचार किलो आणि साडेतीन किलो यातला फरक बादलीत भरून काढायचा. १५ लिटरची झाकणाची बादली, कडेनं भोकं. कचरा विळीवर इंचभर चिरून त्यात, प्रत्येक थरावर दोन मुठी वाळका पाला किंवा कोरडं कोकोपीट. आठ-दहा दिवसांत पाणी निथळून-उडून वजन एक तृतीयांशानं उतरतं, माल गार पडतो, मऊ होतो. गांडुळांना तोच द्यायचा. दोन बादल्या आलटून पालटून: एक भरतेय, दुसरी मुरतेय. टबातनं काढलेला आंबलेला कचरा याच बादलीत कोरड्या पाल्याबरोबर जाईल.

क्रेटमध्ये घालताना सगळ्या मालावर पसरू नका. चार कोपरे, चार नंबर. सोमवारी पहिला कोपरा, ओंजळभर, दोन इंच उकरून पुरायचा, वर पुठ्ठा. गुरुवारी दुसरा. परत पहिल्या कोपऱ्यावर याल तेव्हा आधीचं ओळखू येत असेल तर त्या आठवड्यात तो कोपरा सोडायचा. चुकलं तरी एकच कोपरा आंबतो, बाकीच्या तीनमध्ये गांडुळं सरकतात. ही पद्धत पाळली की चिलटंही कमी होतात, कारण उघडं काही राहत नाही.

लिंबू-मोसंबीची सालं, मिरचीची देठं, लसणाची फोलपटं बादलीत थोडी-थोडी गेली तर कुजून जातात, थेट क्रेटमध्ये नको. आंब्याच्या दिवसात सालींचा ढीग पडतो. त्या एक दिवस वाळवून मगच बादलीत, नाहीतर चिलटांचं मोहोळ उठेल. कोयी वेगळ्या. चहाचा चोथा दुधाचा असतो, गाळणीतच एकदा पाण्याखाली धरा. निर्माल्यातला दोरा, तारा, कापूर काढून फुलं चालतात.

माहुली_संगम (सातारा)

क्रेटही विटांवर ठेवा. त्या विटा पाण्याच्या ताटलीत ठेवल्यात तर लाल मुंग्या येत नाहीत. मुंग्या झाल्या म्हणजे माल कोरडा पडलाय असं समजा, आधी ओलावा बघा. मुंग्यांची पावडर, खडू काही वापरू नका. मुंगीच्या आधी गांडूळ मरतं. गोम दिसली की चिमट्यानं काढा, ती शिकारी आहे. चिचुंद्री तर एका रात्रीत क्रेट साफ करते, तिच्यासाठी वर अर्ध्या इंचाची जाळी आणि कडेला विटा. उंदीर गांडुळांसाठी येत नाही, चपातीसाठी येतो.

जाड, राखाडी, खवल्याखवल्यांच्या अळ्या वळवळताना दिसल्या तर घाबरू नका. ब्लॅक सोल्जर माशीच्या असतात. चावत नाहीत, रोग आणत नाहीत, पण गांडुळांचं खाणं फस्त करतात आणि माल तापवतात. उघडा, ओला कचरा आणि भाताचा वास यावर येतात. गोणपाट नीट झाका, आपोआप थांबतात.

पावसाळ्यात इकडे जुलै-ऑगस्टमध्ये हवेतच इतका दमटपणा असतो की आठ-आठ दिवस पाणी शिंपडावं लागत नाही. उलट रोज मूठभर कोरडा पुठ्ठा घालावा लागतो. झडीच्या रात्री दिवा चालू ठेवा. आणि कृष्णाकाठी तळमजल्यावर राहणाऱ्यांनी एक करावं: क्रेट काठोकाठ भरू नयेत. भरलेला क्रेट वीसेक किलो होतो. २०१९ आणि २०२१ चं पाणी आठवा. वर उचलून नेता येईल एवढंच वजन असावं.

गच्चीविना_बाग

चार क्रेटचं ठरलं. खत कधी तयार झालं म्हणायचं आणि गांडुळं वेगळी कशी करायची? चाळताना ती तुटतील अशी भीती वाटते. आणि ताटात गळलेलं काळं पाणी म्हणजेच वर्मीवॉश (झाडांना द्यायचं गांडूळपाणी) का?

पाचट_बहाद्दर (तासगाव)

गळलेलं पाणी वर्मीवॉश नव्हे. तो निथळ आहे, बहुतेक वेळा अर्धवट कुजलेल्या कचऱ्याचा. वर्मीवॉश मुरलेल्या, गांडुळं भरपूर असलेल्या मालातनं मुद्दाम थेंब-थेंब पाणी पाझरवून काढतात. निथळाला कुबट वास येत असेल तर बादलीतल्या कोरड्या पाल्यावर ओता. वास मातीचा असेल तर एकाला दहा पाणी करून कुंडीच्या मातीत, कोथिंबीर-मेथीच्या पानांवर नाही. खरं तर ताटात रोज पाणी साचत असेल तर क्रेट जास्त ओला आहे, एवढाच त्याचा अर्थ. खत म्हणून खूश होऊ नका.

क्रेट भरल्यापासून अडीच-तीन महिन्यांनी माल चहाच्या भुकटीसारखा काळपट, रवाळ होतो, वास पहिल्या पावसातल्या मातीचा. भाजीचा एकही तुकडा ओळखू येऊ नये. त्याआधी पंधरा दिवस कचरा क्रेटच्या एकाच अर्ध्या भागात घालत राहा. बहुतेक गांडुळं तिकडे जातात. शेवटचे चार-पाच दिवस पाणी बंद.

मग कचरा न घातलेल्या अर्ध्यातला माल प्लास्टिकच्या कागदावर काढून वीतभर उंचीचे डोंगर करा, उजेडात. दुपारच्या उन्हात नको, सकाळच्या उजेडात. गांडुळं उजेडाला घाबरून खाली जातात. पंधरा मिनिटांनी वरचा थर हातानं अलगद खरवडून घ्या, पुन्हा पंधरा मिनिटं, पुन्हा थर. शेवटी तळाशी गांडुळांची गुंतवळ उरते, ती परत क्रेटमध्ये. खुरपं वापरायचं नाही, म्हणजे तुटायचा प्रश्नच नाही.

चाळायचं असेल तर चार मिलिमीटरची चाळण, आणि माल थोडा सुकल्यावरच. ओला माल चाळणीत गोळे होतो. खतात मोहरीपेक्षा थोडे मोठे, लिंबासारख्या घाटाचे पिवळट-तपकिरी दाणे दिसतील. ते कोष, म्हणजे गांडुळांची अंडी. ते फेकलेत तर पुढची पिढी कुंडीत गेली. चाळलेलं खत तीन आठवडे ओलं गोणपाट झाकून सावलीत ठेवा, वर कलिंगडाची साल उपडी घाला. पिल्लं सालीखाली जमतात, सालीसकट उचलून क्रेटमध्ये. मे महिना त्याला बरा, साल घरात असतेच.

दहा किलो ओल्या कचऱ्यातनं दोनेक किलो खत हातात येतं, हे आधीच डोक्यात ठेवा. कमी वाटतं, पण बाकीचं पाणी आणि हवेत गेलेला कर्ब आहे.

ओलावा_साठ_टक्के (मिरज)

वापराचं मी सांगतो, कारण इथे लोक अती करतात. खत नियंत्रण आदेशात गांडूळखताला किमान एक टक्का नत्र मागितलंय. युरियात ४६ टक्के असतं. म्हणजे हे टॉनिक नाही, मातीचा पोत सुधारणारं खत आहे. बारा इंची कुंडीला महिन्याला दोन मुठी, वरची माती इंचभर हलवून, वर पुन्हा माती. नव्या कुंडीत चार भाग मिश्रणात एक भाग. निव्वळ गांडूळखतात रोप लावलं तर पाणी धरून राहतं आणि मुळं कुजतात. साठवताना हवाबंद पिशवी नको; गोणपाटाच्या पोत्यात, सावलीत, हाताला दमट लागेल इतपत.

गच्चीविना_बाग

शेवटचं. मेमध्ये पंधरा दिवस गावी जायचंय. शेजारच्या काकूंना कचरा घालायला सांगू का?

माहुली_संगम (सातारा)

अजिबात सांगू नका. शेजारी प्रेमानं दुप्पट घालतात. निघायच्या आदल्या दिवशी प्रत्येक क्रेटमध्ये मुरलेला माल पाव किलो पुरा, वर भिजवून पिळलेल्या पुठ्ठ्याचे तीन थर, त्यावर ओलं गोणपाट. काकूंना एवढंच सांगा: दोन दिवसांआड गोणपाटावर हातानं पाणी शिंपडायचं, उचलून आत बघायचं नाही.